‘तोच विषय किती दिवस?’

वाचकाचं पत्र, थोडक्यात

पत्रलेखक ३२ वर्षांचे. मूळचे दक्षिण महाराष्ट्रातले, नोकरीनिमित्त पुण्यात. आठवडाभर ऑफिस, उरलेल्या वेळात नाटक. ते स्वतः समलिंगी आहेत. मित्रांना आणि नाटकाच्या ग्रुपला हे माहीत आहे, घरी नाही. आतापर्यंत दोन नाटकं लिहिली. पहिलं वसतिगृहातल्या दोन मुलांवरचा दीर्घांक, दुसरं, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या तेव्हाच्या कलम ३७७ खालच्या जुन्या खटल्यांवरचं दोन अंकी. दुसऱ्याला स्पर्धेत लेखनाचं बक्षीस मिळालं आणि प्रायोगिक रंगभूमीवर बऱ्यापैकी प्रयोगही झाले.

तिसरं अडलंय. त्यांचे चुलत आजोबा संगीत नाटक कंपनीत स्त्रीभूमिका करायचे. लग्न केलं नाही, १९७१ साली वारले. घरात त्यांचा विषय ‘ते जरा वेगळेच होते’ या वाक्यावर संपतो. कंपनीतल्या एका पेटीवादकानं त्यांना लिहिलेली पत्रं आत्यांच्या ट्रंकेत आहेत. आत्या ७८ वर्षांच्या. एका सुट्टीत त्या दुपारच्या आडव्या झाल्या असताना पत्रलेखकांनी सगळ्या पत्रांचे मोबाइलवर फोटो काढून घेतले. नंतर नाटकाचा विषय काढला तेव्हा आत्या म्हणाल्या, “माझ्या काकाच्या नावाला बट्टा लावू नकोस. मी गेल्यावर काय ते कर.” नाटकाचा शेवट त्यांच्या डोक्यात असा आहे: १९३६ साली कंपनी बुडते आणि आजोबा साडी नेसून गळफास घेतात.

दरम्यान एका निर्मात्यांनी बोलावून सांगितलं, “हात चांगला आहे तुमचा, पण तोच विषय किती दिवस? एक फॅमिली कॉमेडी द्या. हवं तर त्यात एखादं ‘तसलं’ पात्र टाका, लोक हसतात.” मित्र म्हणतात, कायदा बदलला, आता हा इतिहास कोणाला हवाय?

पत्रलेखक विचारतात: आजोबा समलिंगी होते हे सिद्ध कसं करू? सिद्ध झालं नाही तर नाटक म्हणजे खोटेपणा होईल का? आणि याच विषयावर लिहीत राहिलो तर कायमचा शिक्का बसेल का? ताजा कलम: एका लेखनवृत्तीच्या अर्जात परिचयात ‘क्विअर नाटककार’ असं लिहू का?

उत्तर

तुम्ही पत्रासोबत पेटीवादकांच्या एका पत्राचा फोटो पाठवलात, तो मोठा करून सावकाश वाचला. त्यावर तुम्ही लाल रंगानं तीन जागा अधोरेखित केल्यात. वरचं ‘प्रिय सखे’, खालचं ‘तुमचाच’, आणि शेवटच्या आधीचं ते वाक्य: ‘तुमचे पातळ मजपाशी आहे, धुवून ठेवले आहे.’ वाचताना माझंही लक्ष आधी तिथंच गेलं, नाकारत नाही.

पण अधोरेखित न केलेल्या ओळी पुन्हा वाचा. दोन महिन्यांचा पगार थकलाय. मालक मुक्काम हलवायचं नाव घेत नाहीत, कारण गाडीभाड्याला पैसे नाहीत. पेटीचा भाता फाटलाय आणि शहरात दुरुस्त करणारा आहे, पण तो रोख मागतो. दोन शालू कुणाकडे तरी गहाण आहेत, ते सोडवायचे की विकायचे हे कळवा म्हणतायत. तुमच्या घशाचं कसं आहे, विचारतायत. पानभर मजकुरात तीन ओळी तुमच्या कामाच्या, बाकी सगळं पान पोटाचं. तुम्ही ते पान बाजूला सारलंत, कारण ते तुमच्या खटल्यात कामाचं नाही.

खटला हा शब्द मुद्दाम वापरला. तुमचं दुसरं नाटक खटल्यांवरचं होतं आणि मला वाटतं त्याची सवय तिसऱ्यात आली आहे. तुम्ही आजोबांना पिंजऱ्यात उभं केलंय, पत्रं पुराव्याला लावलीत आणि निकाल मिळत नाही म्हणून नाटक थांबवलंय. हा निकाल तुम्हाला कोणाकडून हवाय? ‘प्रिय सखे’ ही कंपनीतली थट्टा असू शकते. नायिका करणाऱ्याला नायिकेसारखी हाक. ते प्रेमही असू शकतं. रोज रात्री नाटकातली पदं वाजवणाऱ्या माणसाच्या लेखणीला लागलेलं वळणही असू शकतं. तिन्ही एकाच वेळी असू शकतं, आणि लिहिणाऱ्यालाही त्यातलं नेमकं कोणतं हे माहीत नसेल. वकिलाच्या हातात हे पत्र कुचकामी आहे. तालमीत दोन नटांच्या हातात दिलंत तर त्याच तीन ओळींवर तीन वेगळे प्रवेश उभे राहतील.

तुम्हाला ठाऊकच असेल, तरी इतर वाचकांसाठी सांगते. १८८४ साली अलाहाबाद उच्च न्यायालयात खैराती नावाच्या व्यक्तीचं अपील आलं. मुरादाबादचे पोलीस तिच्यावर आधीपासून पाळत ठेवून होते. बायकांचे कपडे घालून, बायकांमध्ये बसून गात असताना तिला पकडलं, वैद्यकीय तपासणी केली आणि सत्र न्यायालयानं ३७७ खाली शिक्षा दिली. उच्च न्यायालयानं ती रद्द केली, कारण गुन्हा कधी, कुठं, कोणाबरोबर घडला यातलं काहीच सरकारपक्षाला सांगता येत नव्हतं. पण सोडताना न्यायमूर्तींनी असल्या ‘किळसवाण्या’ प्रकारांना आळा घालण्याची अधिकाऱ्यांची इच्छा आपण समजू शकतो, असंही नमूद केलं. सुटका आणि अपमान एकाच कागदावर.

हा कागद टिकला, कारण खैराती पकडली गेली. आपल्याकडचा एलजीबीटीक्यू इतिहास ज्या कागदांतून काढावा लागतो ते बरेचसे असे आहेत: पोलिसांचे, न्यायालयांचे, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली हिजड्यांच्या ज्या नोंदवह्या ठेवायला लावल्या होत्या त्यांचे. जो सापडला त्याची नोंद. तुमचे आजोबा कधी कुणाला सापडले नाहीत. म्हणून त्यांच्याबद्दल निकालपत्र नाही, आहे ती फाटक्या भात्याची तक्रार. तुमच्या हाती आलेला कागद उच्च न्यायालयाच्या कागदापेक्षा दुर्मीळ आहे, हे लक्षात घ्या.

आता ते पोटाचं पान. साल १९३६. त्याआधीच्या पाच वर्षांत काय झालं ते ओळीनं मांडून बघा. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ आला, मराठी बोलपट सुरू झाला. १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेनं ‘आंधळ्यांची शाळा’ केलं आणि त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, ज्योत्स्ना भोळे त्यात होत्या. १९३५ मध्ये खुद्द बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’त पुरुषाच्या, संत एकनाथांच्या भूमिकेत दिसले. ज्यांच्या साड्या आणि दागिन्यांची नक्कल घरंदाज बायका करत, त्या नटावर ही वेळ आली, तर दुय्यम कंपनीतल्या दुय्यम नायिकेचं काय झालं असेल? आयुष्यभर शिकलेली चाल, पदर सावरणं, आवाजाची पट्टी, सगळं चाळिशीच्या आत निरुपयोगी. हे तुम्हाला सिद्ध करत बसावं लागणार नाही. ते पत्रात लिहिलेलं आहे.

या माणसांचं पुढं काय झालं, यावर मराठी रंगभूमीनं फार विचार केलेला नाही. सतीश आळेकरांच्या ‘बेगम बर्वे’नं (१९७९) केला: एकेकाळी संगीत नाटकात स्त्रीपार्टी म्हणून किरकोळ कामं केलेला बर्वे, आता उदबत्त्यांच्या धंद्यातल्या श्यामरावाच्या ताब्यात, आणि दोन कारकुनांच्या स्वप्नात मिसळलेलं त्याचं स्वप्न. त्या नाटकात बर्वे ‘कोण’ आहे हे कुणी ठरवून देत नाही. पंचेचाळीसहून अधिक वर्षं झाली, तरी त्याच्याबद्दल बोलणं संपलेलं नाही.

बालगंधर्वांचं नाव घेतलंच आहे तर एक धोक्याची सूचना. स्त्रीपार्टी नट म्हणजे समलिंगी किंवा ट्रान्स, असं सरसकट लावू नका. बरेचसे संसारी होते, आणि कित्येकांसाठी ती मिळालेली नोकरी होती. उलट बाजूनं, ‘ती तर कला होती, त्यात तसलं काही नव्हतं’ हेही तितकंच सरसकट आहे. तुमच्या आत्या आणि तुम्ही या दोन टोकांना उभे आहात. आजोबांना स्वतःला ‘समलिंगी’ हा शब्द कुणी दिला असता तर त्यांनी तो घेतला असता का, हे तुम्हाला माहीत नाही. नाटकात ते माहीत नसणं तसंच ठेवता येतं.

आणि आता शेवट. तो गळफास काढून टाका.

आजोबा १९७१ पर्यंत जगले. कंपनी बुडाल्यानंतर ३५ वर्षं! ती खोडून तुम्ही त्यांना १९३६ सालीच मारून टाकताय, कारण शोकांतिकेला ते सोयीचं आहे. तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ रंगमंचावर आणली १९८१ साली. स्वातंत्र्यापूर्वीच्या कॉलेजातली, मुलीवर प्रेम करणारी सुमित्रा. रोहिणी हट्टंगडींनी केलेली ती भूमिका आजही लोक आठवतात. त्या काळात हे नाटक लिहिणं ही मोठी गोष्ट होती, यात वाद नाही. पण सुमित्राची गोष्ट आपल्याला बापू सांगतो, आणि शेवटी ती आत्महत्या करते. त्यानंतर आपल्याकडच्या आणि बाहेरच्याही किती समलिंगी पात्रांना नाटक-सिनेमात मरावं लागलं, तुम्हीच आठवून बघा. प्रेक्षक डोळे पुसतो आणि हलका होऊन पार्किंगकडे जातो. तुमच्या हातात खरोखर म्हातारा झालेला माणूस आहे. त्यानं ३५ वर्षं काय केलं? कुठं राहिला, कोणाच्या घरी जेवला, शालू सुटले का, पेटीवादक पुन्हा भेटायला आला का, रेडिओवर पदं लागली की काय करायचा? तुम्ही म्हणता पुरावा नाही. मला दिसतं ते असं, की तुम्ही ३५ वर्षांबद्दल कोणाला विचारलेलंच नाही.

विचारायचं कोणाला, हे तुमच्याच पत्रात आहे. आजोबा गेले तेव्हा आत्या चोविशीच्या आसपास होत्या. अख्खं बालपण आणि तारुण्य त्यांनी या काकाला पाहिलंय. तुम्ही त्यांना नाटकाच्या वाटेतला अडथळा समजताय आणि त्या तुमच्या एकमेव जिवंत साक्षीदार आहेत. शिवाय ती पत्रं पन्नासहून जास्त वर्षं ट्रंकेत जपून कोणी ठेवली? बट्ट्याचीच भीती असती तर बंबात घालायला कितीसा वेळ लागतो?

म्हणून पहिलं काम हे, आणि ते टाळू नका: फोटो काढलेत हे आत्यांना सांगा. समोर बसून, फोनवर नाही. त्या चिडतील. चिडू द्या. त्या म्हणाल्या ‘पुसून टाक’, तर पुसा. तुम्हाला हे जड जाईल, पण तुमच्या तिसऱ्या नाटकाचा विषयच मुळी एका माणसाचं खासगीपण हा आहे, आणि त्याची सुरुवात तुम्ही झोपलेल्या बाईच्या ट्रंकेपासून केली आहे. पोलिसांच्या पाळतीवर नाटक लिहिलेल्या लेखकाला याहून जास्त सांगायला नको.

मग काही दिवस नाटकाचा विषय काढूच नका. ‘काका समलिंगी होते का’ हा प्रश्न तर अजिबात नको. त्या पिढीच्या बाईला त्याचं उत्तर हो किंवा नाही असं देता येत नाही, आणि एकदा ‘नाही’ म्हटलं की त्या शब्दाला त्या बांधल्या जातात. चहा कसा प्यायचे ते विचारा. केस कसे ठेवायचे, तुम्हाला साडी नेसायला कोणी शिकवली, गणपतीत गायचे का, त्यांना भेटायला कोण यायचं, ते आल्यावर घरातले कसे वागायचे. आत्या ‘बट्टा’ म्हणतात तेव्हा त्यांना नेमकी कशाची भीती आहे हे तुम्ही गृहीत धरलंय. कदाचित ती वेगळीच असेल. कदाचित काकाला लोक हसायचे आणि तुमच्या नाटकातही हसतील, एवढीच असेल. निर्मात्यांचं वाक्य आठवा, मग ही भीती तुम्हाला खुळी वाटणार नाही.

कायद्याचं थोडक्यात, कारण घरातली कागदपत्रं घेऊन लिहिणारे आणखी वाचक असतील. पत्राचा कागद आत्यांकडे असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, त्याच्या पश्चात त्याच्या वारसांचा. कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, आणि कधीच प्रसिद्ध न झालेल्या मजकुराचा हिशेब आणखी वेगळा असतो. तेव्हा ‘जुनंय, चालतंय’ असं धरून पत्रं जशीच्या तशी रंगमंचावर वाचू नका. दुसरं, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे मृत व्यक्तीबद्दलचं विधानही बदनामी ठरू शकतं, जर जिवंतपणी त्यानं तिची अप्रतिष्ठा झाली असती आणि जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याचा हेतू असेल. हेतू हा शब्द तुमच्या बाजूचा आहे, पण आत्यांनी स्पष्ट नको म्हटल्यावर खरं नाव वापरलंत तर तो कमजोर होतो. नाव बदला, गाव बदला, कंपनी काल्पनिक करा, पत्रं स्वतः लिहा. संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे जाण्याआधी एखाद्या वकिलाच्या नजरेखालून घाला. नाव बदललं की इतिहास खोटा होतो असं तुम्हाला वाटत असेल, तर पुढचं उदाहरण बघा.

अमेरिकन नाटककार डग राइट शार्लोट फॉन माल्सडोर्फला भेटले. पूर्व बर्लिनमध्ये स्त्रीवेशात राहून नाझी आणि कम्युनिस्ट दोन्ही राजवटी पार केलेली ट्रान्स व्यक्ती, जुन्या फर्निचरचं आणि ग्रामोफोनचं संग्रहालय चालवणारी. राइटना त्यांची नायिका मिळाली. लांबलचक मुलाखती झाल्या. आणि मग पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांची, श्टाझीची फाइल समोर आली: शार्लोट त्यांची खबरी होती. तिनं सांगितलेल्या इतर गोष्टींवरही शंका आल्या. राइट वर्षानुवर्षं अडकून पडले, तुम्ही अडकलात तसेच. सुटका अशी झाली की त्यांनी स्वतःलाच नाटकात पात्र म्हणून घातलं. नायिकेवर विश्वास ठेवायची इच्छा असलेला आणि ठेवता न येणारा लेखक. ‘आय ॲम माय ओन वाइफ’ एकाच नटानं करायचं नाटक आहे, सगळी पात्रं तोच करतो. २००४ चं पुलित्झर त्याला मिळालं. खरं-खोटं ठरवून दिलेलं नाही, आणि तरी ते खोटं नाटक नाही, कारण लेखकाला काय माहीत नाही हे प्रेक्षकांना दिसतं.

तुमच्याही नाटकात फोटो काढणारा नातू असू शकतो. झोपलेली आत्याही. सुचवून ठेवते, करा असं म्हणत नाही. नातू नाटकात आणला की तो फार बोलायला लागतो, हा धोका असतो.

राइटचं ते नाटक दिग्दर्शित केलं मोइझेस कॉफमन यांनी, आणि तुमच्या ‘शिक्क्या’च्या प्रश्नाला मला त्यांचीच कारकीर्द आठवली. जन्म व्हेनेझुएलातल्या काराकासचा, मग न्यूयॉर्क. १९९७ मध्ये ऑस्कर वाइल्डच्या तीन खटल्यांवरचं ‘ग्रॉस इन्डीसन्सी’, मुख्यतः खटल्यांच्या नोंदी, पत्रं आणि वर्तमानपत्रांतून रचलेलं. १९९८ च्या ऑक्टोबरात वायोमिंगमधल्या लॅरामी गावात मॅथ्यू शेपर्ड या समलिंगी विद्यार्थ्याला मारहाण करून कुंपणाला बांधून ठेवलं आणि तो वारला. कॉफमन यांची मंडळी काही आठवड्यांत तिथं पोचली, दोनशेहून अधिक मुलाखती घेतल्या आणि २००० साली ‘द लॅरामी प्रोजेक्ट’ केलं. मुलाखत घेणारे नटही त्यात स्वतःच्या नावानं येतात. इथपर्यंत बघितलं तर निर्माता म्हणेल, झालं, शिक्का बसला. पण पुढं त्याच माणसानं बेथोव्हनच्या एका रचनेमागच्या वेडावर ‘३३ व्हेरिएशन्स’ लिहिलं, आणि नंतर आउश्वित्झच्या अधिकाऱ्यांच्या सुट्टीतल्या फोटो-अल्बमवरचं ‘हिअर देअर आर ब्लूबेरीज’ अमांडा ग्रोनिक यांच्यासोबत. ते २०२४ मध्ये पुलित्झरच्या अंतिम यादीत होतं. सगळ्यांत समान काय आहे? कागद. नोंदी, वह्या, फोटो समोर ठेवून त्यातून नाटक काढायची एक पद्धत. कॉफमन यांची ओळख झाली ती या पद्धतीची, आणि ती पद्धत त्यांनी कमावली समलिंगी इतिहासावर काम करताना.

तुमच्याकडेही अशी पद्धत तयार होते आहे असं तुमच्या दुसऱ्या नाटकाच्या वर्णनावरून वाटतं. ती ओळखा. विषय बदलायचा की नाही हा प्रश्न मग इतका मोठा राहत नाही.

तरीही तुमची भीती उगाच आहे असं म्हणणार नाही. तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ लिहिलं, शिक्का बसला नाही. ते ‘धाडसी’ ठरले. स्वतः समलिंगी असलेल्या लेखकानं तेच लिहिलं तर ‘तो त्याचं दुखणं सांगतोय’ असं म्हणतात. हा दुजाभाव आहेच. आणि न्यूयॉर्कला नाट्यसंस्था, अनुदानं, विद्यापीठं यांची जी घडी आहे ती आपल्याकडे नाही. आपल्याकडे शनिवार-रविवारचं बुकिंग बघतात. पण आपल्याकडेही चेतन दातार होऊन गेले. ‘आविष्कार’ या प्रायोगिक नाट्यसंस्थेत वाढलेला लेखक-दिग्दर्शक. मुलगा समलिंगी आहे हे समजलेल्या आईचं ‘१, माधवबाग’ लिहिलं, आणि ‘सावल्या’, ‘राधा वजा रानडे’ही त्यांचंच. २००८ साली फार लवकर गेले. त्यांना कुणी एका खणात कोंबलं नाही, कारण त्यांनी कोंबू दिलं नाही. मात्र त्यांचा रस्ता प्रायोगिकचा होता, आणि प्रायोगिकवर घर चालत नाही, हेही तुम्हाला ठाऊक आहे.

म्हणून निर्मात्यांकडे वळू. कॉमेडी लिहिणं म्हणजे विषयाशी गद्दारी, असा सूर तुमच्या पत्रात आहे. तो मला पटत नाही. चांगली कॉमेडी लिहिता आली तर तुमच्या संवादांना धार येईल, दर प्रयोगामागे मानधन येईल, आणि नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत वाक्य कसं पोचवायचं हे कळेल. तुमच्या पहिल्या दोन नाटकांत लोक हसतात का, तुम्ही लिहिलेलं नाही. तुमचे आजोबा ज्या कंपनीत होते तिथं रात्रभराच्या नाटकात विनोदी प्रवेश हमखास असणार.

अट फक्त ‘तसल्या’ पात्राची. तिथं नाही म्हणा, आणि भांडून नाही, कारागिरीच्या भाषेत म्हणा. साडी नेसलेल्या पुरुषाला हसणारा आणि बालगंधर्वांच्या फोटोला हार घालणारा प्रेक्षक आपल्याकडे एकच आहे. ‘मोरूची मावशी’ला तो पोट धरून हसला, कारण तिथं हसू फजितीचं आहे; मोरूच्या मित्राला मावशी व्हावं लागतं आणि मग ते निस्तरता निस्तरत नाही. निर्मात्यांना सांगा, फजिती देतो, टिंगल देणार नाही, टिंगलीवर दुसरा अंक उभा राहत नाही. ऐकलं तर करा. नाही ऐकलं तर ही ऑफर तुमच्यासाठी नव्हती. करार मात्र लेखी, मानधन किती आणि कधी हे आकड्यात, आणि संहितेत बदल लेखकाच्या संमतीशिवाय नाही ही ओळ हवीच. नाहीतर तुम्ही नको म्हटलेलं पात्र पंचविसाव्या प्रयोगाला कुणीतरी मुरका मारत आणेल.

‘कायदा बदलला, आता काय’ म्हणणाऱ्या मित्रांसाठी फार शब्द खर्च करत नाही. समलिंगी संबंध गुन्हा नाही, हे २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयानं दिलं, २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं काढून घेतलं, २०१८ ला परत दिलं. २०२३ ला विवाहाचा हक्क नाकारला. एवढी उलथापालथ डोळ्यांदेखत झालेली असताना इतिहास संपला असं वाटणं हे तुमच्या मित्रांचं नशीब. आणि १९९० साली ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगींचं नियतकालिक काढणारी, वाटणारी, लपवून वाचणारी पिढी आता म्हातारी होते आहे. ज्यांना या विषयावर लिहायचंय पण घरात ट्रंक नाही, त्यांनी आधी या माणसांकडे जावं. त्यांची आठवण पुराभिलेखागारात मिळणार नाही. त्यानंतर बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातला ‘कामरा’ हा क्विअर संग्रह आहे, मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार आहे. मुलाखत घेताना परवानगी कागदावर घ्या, आणि नंतर नको वाटलं तर मजकूर मागं घ्यायची मुभाही त्याच कागदावर द्या. तुमच्यासारख्यांनी विशेषतः.

राहिला ताजा कलम. वृत्तीच्या अर्जात तुमच्या कामाबद्दल लिहा: ‘एलजीबीटीक्यू विषयांवर दोन नाटकं, तिसरं चालू.’ निवड करणाऱ्यांना तेवढं पुरतं आणि ते खरं आहे. ‘क्विअर नाटककार’ हे तुमच्याबद्दलचं वाक्य आहे. ते लावण्यात कमीपणा काहीच नाही, पण निवड झाली तर परिचय छापला जातो, पेपरात येतो, आणि तुमच्या गावी पेपर वाचणारे नातेवाईक आहेत. आईला सांगायचंय की नाही, कधी, कसं, हे तुम्ही पत्रात कुठंच लिहिलेलं नाही, त्यामुळे मीही त्यात पडत नाही. अर्जाची मुदत मात्र ते ठरवणार नाही एवढं बघा. आणि आत्यांकडे जाल तेव्हा मुक्कामाला जा, एका दुपारीत हे व्हायचं नाही.